अंडे खाणारी कोंबडी



आजचा विषय लहान आहे, पण ज्या घरात चार-सहा कोंबड्या आहेत त्या घराला तो लहान वाटत नाही. कोंबडी आपलेच अंडे फोडून खाऊ लागली म्हणजे काय करावे, हा तो विषय. अकोला-अमरावतीकडच्या कोणत्याही गावात जा, एखादी बाई हटकून सांगणार, "सकाऊन कोंबडी बसली बी, ओरडली बी, पन टोपल्यात पायतो त अंडं नाई, नुसतं कुटार ओलं!" तिला शेजारपाजारचे तीनच सल्ले मिळतात. कोणी म्हणते चोच डागून टाक, कोणी म्हणते अंड्यात तिखट भरून ठेव, आणि कोणी म्हणते, असली कोंबडी ठेवतंच काहून, कापून खाऊन घे.

माझे म्हणणे असे की सुरी जरा बाजूला ठेवावी आणि आधी अंड्याचे कवच हातात घेऊन पाहावे. दहांपैकी बहुतेक वेळा दोष कोंबडीच्या स्वभावात नसतो. तो तिच्या दाण्यात, पाण्यात नाही तर टोपल्यात असतो. ते तसेच ठेवून कोंबडी कापली, तर तिच्या जागी आणलेली दुसरी कोंबडीही महिन्या-दोन महिन्यांत तेच करील.

यात नुकसान किती, ते आधी पाहू. आपली गावरान कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यावर येते आणि वर्षाकाठी सगळी मिळून ५०-६० अंडी देते. त्यांतली काही बाजारात जातात. गावरान अंड्याला शहरात भाव चांगला मिळतो, आणि हा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हातात राहतो. तेल-मीठ, पोराची वही, दवाखान्याला जायचे एस.टी.चे भाडे, हे त्यातून निघते. काही अंडी घरची लेकरे खातात. उरलेली दहा-बारा अंडी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली उबवायला ठेवतात. आता एका अंड्यावरची एवढी अंडी खाल्ली गेली, तर गेले ते अंड्यांचे पैसेच नव्हे, पुढच्या वर्षीच्या तलंगाही गेल्या. ज्या घरी शेत नाही त्या घरी ही मोठी गोष्ट आहे. मेळघाटासारख्या आदिवासी भागात २०१५ सालापासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या आहारात मुद्दाम अंडे घातले गेले. अंड्याची किंमत सरकारनेही अशी ओळखली, ती आपल्या टोपल्यात वाया जाऊ नये.

पहिले काम चोर ओळखण्याचे. अंडे नाहीसे झाले म्हणजे कोंबडीनेच खाल्ले असे नाही. साप अंडे सबंध गिळतो, मागे टरफल ठेवत नाही आणि कुटारही भिजत नाही. उंदीर-घूस अंडे ढकलत नेऊन बिळाजवळ फोडते. मुंगूस आणि कावळा ते उचलून दूर नेतात, टरफल कुंपणापाशी सापडते. कोंबडीने खाल्ले असेल तर कुटार जागच्या जागी चिकट होते, टरफलाचे बारके तुकडे पडलेले असतात किंवा तेही खाल्लेले असते, आणि खाणारीच्या चोचीवर, कधी गळ्याच्या पिसांवर, वाळलेला पिवळा बलक दिसतो. सकाळी दहाच्या सुमारास एकेक कोंबडी धरून चोच पाहिली तर गुन्हेगार त्याच दिवशी सापडतो. पुष्कळदा सगळ्या कोंबड्यांच्या माथी मारलेला हा उद्योग एकीचा किंवा दोघींचा असतो. मात्र एकीचे पाहून दुसरी शिकते, म्हणून उशीर करू नये.

आता ही खोड लागते कशी? धड, टणक अंडे फोडून खायचे, असे कोंबडीला सहसा सुचत नाही. ती अंड्यावर बसते, पायाने ते उलटते, आणि त्याला खाण्याची वस्तू मानीत नाही. पण एखादे अंडे आपोआप फुटते. कवच पातळ असते, टोपल्यात कुटार नसते, तीन कोंबड्या एकाच टोपल्यात दाटीने बसतात. बलक बाहेर आला की तो कोणतीही कोंबडी खाते, आणि त्यात वावगे काहीच नाही. बलकाइतके पौष्टिक अन्न तिला दिवसभर उकिरडा उकरूनही मिळत नाही. दोन-चार वेळा असे झाले की तिच्या ध्यानात येते की या पांढऱ्या गोळ्याच्या आत मेजवानी आहे. मग ती फुटायची वाट पाहत नाही, चोच मारून पाहते. कवच पातळ असले तर दोन टोल्यांत काम होते. तेव्हा खोडीचे मूळ फुटणाऱ्या अंड्यात आहे. अंडी फुटायची थांबवली की नवी कोंबडी या मार्गाला लागत नाही.

अंडे फुटते का, याचा थोडा हिशेब करू. गुरुजींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर अवश्य मांडावा.

गावरान अंडे साधारण ४० ग्रॅम वजनाचे धरा. त्यात कवच सुमारे ४ ग्रॅम, आणि त्या कवचात दीड ग्रॅम, म्हणजे १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, आपण ज्याला चुन्याचा अंश म्हणतो तो. कोंबडीला आपण घालतो ज्वारी. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते सुमारे २५ मिलिग्रॅम. म्हणजे एका अंड्याच्या कवचापुरता चुना नुसत्या ज्वारीतून मिळवायचा तर कोंबडीने सहा किलो ज्वारी खावी लागेल! ती खाते जेमतेम ७०-८० ग्रॅम. गहू, तांदळाची कणी आणि मका यांचीही कथा अशीच. मग कवच होते कशाचे? मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी, पाला आणि जुन्या भिंतीचा चुना टिपून थोडी भर करते, आणि बाकीचे आपल्या हाडांतून काढते. हाडांतले संपत आले की कवच पातळ पडते, शेवटी अंडे लिबलिबीत, नुसत्या पापुद्र्यात येते. असे अंडे टोपल्यात पडले की त्याच दिवशी शाळा सुरू झाली म्हणून समजा.

गावरान कोंबडी अंडी थोडी देते, मध्ये महिना-दोन महिने विसावा घेते, त्यामुळे तिचे कसेबसे निभते. पण आता गावोगाव सुधारित जातीही आल्या आहेत. हैदराबादेत तयार झालेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची १९८९ सालची गिरिराजा या कोंबड्या वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात. तिच्याकडून अंडी दुप्पट घ्यायची आणि खाऊ घालायचे गावरानसारखेच, मूठभर ज्वारी, हा व्यवहार तिला परवडत नाही. अंडे खाण्याची तक्रार या कोंबड्यांत जास्त ऐकू येते त्याचे कारण जातीत शोधू नये.

मग चुना आणायचा कोठून? समुद्र आपल्यापासून दूर. तरी कोंबडीखाद्य विकणाऱ्या दुकानांत शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो उत्तम. नाही मिळाला तर घरची अंड्यांची टरफले जमवावी, तव्यावर चांगली भाजून बारीक कुटावी, मग घालावी. अर्धे टरफल तसेच टाकू नये. त्याचा आकार पाहून कोंबडीला अंड्याचीच आठवण होते. तिसरी सोय आपल्या पायाखाली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत, नाल्याच्या दरडीत, विहिरीच्या मातीत पांढुरके ओबडधोबड खडे निघतात, ते चुनखडीचे. नांगराला लागतात म्हणून आपण ते बांधावर फेकतो. हे खडे धुऊन, फोडून, ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे करावे. शिंपल्याइतके ते शुद्ध नसतात, पण काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

खडा चुन्याचा की गारगोटीचा हे ओळखावे कसे? येथे गुरुजींनी गावाला मदत करावी. शाळेच्या प्रयोगपेटीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असले तर त्याचा थेंब टाका. नसेल तर आंबट लिंबाचा रस चालेल, फक्त खडा थोडा खरवडून त्याच्या भुकटीवर तो टाकावा. बुडबुडे आले तर चुना. गारगोटीवर काहीही होणार नाही. खडा आधी धुवायचा, कारण आपल्या काळ्या मातीतही चुना असतो आणि ती चिकटून राहिली तर ती उगाच बुडबुडे देते. याच तासाला एक अंडे व्हिनेगरमध्ये बुडवून दोन दिवस ठेवावे. कवच विरघळून जाते आणि आतले अंडे पापुद्र्यात रबरासारखे हातात येते. लिबलिबीत अंडे म्हणजे काय आणि कवच कशाचे असते, हे पोरांना मग वेगळे सांगावे लागत नाही, आणि ती घरी जाऊन आईला सांगतात.

गारगोटीही कोंबडीला हवी असते, पण ती पेटारीत दाणे दळायला. ती विरघळत नाही, तिच्यातून कवचाला काही मिळत नाही. पानाला लावायचा चुना किंवा कळीचा चुना मात्र घालू नये, तोंड आणि अन्ननळी पोळते.

चुन्याची खडी दाण्यात कालवू नका. वेगळ्या मातीच्या पाळीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीला तिची गरज कळते, ती आपणहून उचलते. लहान पिलांना आणि तलंगांना एवढा चुना नको, त्यांच्या मूत्रपिंडांना तो बाधतो. पाळी संध्याकाळी अवश्य भरलेली असावी. अंड्यावर कवच चढायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. संध्याकाळी गिळलेले खडे पेटारीत रात्रभर हळूहळू विरघळतात आणि नेमके वेळेवर कामी येतात. प्रत्येक कोंबडीमागे रोज चहाचा चमचा-दीड चमचा पुरे. शेवग्याचा पालाही चांगला, त्यात चुन्याचा अंश भरपूर आहे. पण कोंबडी पाला खाणार किती? खडी ठेवून वर पाला दिला तर उत्तम. त्याची जुडी छपराला टांगून ठेवली की कोंडलेल्या कोंबड्यांना दिवसभर उडी मारून टोचायला काही तरी मिळते. रिकाम्या चोचीला उद्योग असला म्हणजे ती अंड्याकडे कमी वळते. आणि ऊन विसरू नका. खाल्लेला चुना अंगी लागायला जीवनसत्त्व 'ड' लागते, ते उन्हातून मिळते. दिवसभर अंधाऱ्या खुराड्यात डांबलेल्या कोंबडीला शिंपले घालूनही कवच पातळच येते.

दाण्यात पौष्टिक अंश, म्हणजे प्रथिने, कमी पडली तरी कोंबडी बलकाच्या मागे लागते. आपल्याकडे याला साधने आहेत. अकोल्याच्या डाळगिरण्यांतून तुरीची चुनी निघते, ती ज्वारीत मिसळा. सोयाबीनची ढेप मिळाली तर थोडी घाला. कच्चे सोयाबीन मात्र घालू नका, ते पचत नाही. उलट पोषणाला अडथळा करते. मडक्यात शेण आणि ओला काडीकचरा भरून ते उधईच्या जागी पालथे ठेवले की दोन-तीन दिवसांत त्यात उधई चढते. ती कोंबड्यांपुढे झटकली तर खर्च काहीच नाही, आणि पिले तर तिच्यावर तुटून पडतात.

सरकीच्या ढेपेविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण हा कापसाचा मुलूख आहे आणि घरात गाई-म्हशींसाठी ढेप असतेच. ती कोंबडीला घालण्याचा मोह होतो. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य आहे. रवंथ करणारी मोठी जनावरे ते बऱ्याच अंशी पचवतात, कोंबडीला ते जमत नाही. अंडी कमी होतात, आणि ठेवलेल्या अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी पडतो. असे अंडे गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. ढेप म्हशीलाच द्यावी.

इथवर सांगितले ते कोणत्याही जिल्ह्यात लागू पडेल. पाण्याची गोष्ट खास आपली आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूंच्या कितीतरी गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट आहे. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. माणसे ते पाणी पीत नाहीत. वान किंवा शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाला येते, ते जपून भरून ठेवतात, आणि कोंबड्यांपुढे बोअरचे ओततात. आता ऑस्ट्रेलियात घडलेली एक गोष्ट ऐका. तिकडेही पुष्कळ ठिकाणी जमिनीतले पाणी खारट आहे. सिडनी विद्यापीठातले बालनेव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या वर्षांत अंड्यावरच्या कोंबड्यांना मीठ विरघळलेले पाणी पाजून पाहिले. एका लिटरमागे एक ग्रॅमहूनही कमी मीठ होते, तरी तडकलेल्या आणि पातळ कवचाच्या अंड्यांचे प्रमाण वाढले. दाण्यात चुना पुरेसा असूनही वाढले. आणि गोडे पाणी सुरू केल्यावरही काही कोंबड्यांचे कवच लवकर सुधारले नाही.

खारपाणपट्ट्यातल्या बाईने शिंपले घातले, टोपले बदलले, तरी अंडी तडकतच असतील, तर तिने पाण्याकडे पाहावे. सगळ्या गावांची खार सारखी नसते. पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळते, पण खरे म्हणजे जीभच सांगते. जे पाणी आपल्या चहाला चालत नाही ते अंड्यावरच्या कोंबडीलाही देऊ नये. गावरान कोंबडी दिवसाला पाव लिटरही पीत नाही, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. सहा कोंबड्यांना भर उन्हाळ्यात दोन-तीन लिटर. एवढे गोडे पाणी घरातून निघू शकते, आणि पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली रांजण ठेवला तर नळाचेही लागत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न पाण्याला जोडूनच येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापते आणि अंग थंड ठेवते. या धापण्यात तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू जास्त बाहेर टाकला जातो, आणि कवच तर चुना आणि हाच वायू यांच्या संयोगाने बनते. त्यातून उन्हात ती दाणाही कमी खाते. म्हणून वैशाखातले अंडे पातळ कवचाचे. अमेरिकेत १९८५ साली काही संशोधकांनी तापलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिले आणि कवच सुधारले! आपण काही कोंबड्यांसाठी बाटल्या फोडणार नाही. त्यांचे पाणी कोऱ्या माठात गार ठेवावे, दुपारी दोनदा बदलावे, खुराड्यावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर देऊन त्यावर ओले पोते टाकावे आणि दाणा पहाटे व सूर्यास्ताला घालावा. तहानेली कोंबडीही अंडे फोडते, हे लक्षात ठेवा. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते.

आता टोपले. चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपले किंवा पेटी हवी. फूटभर लांब-रुंद, जमिनीपासून हात-दीड हात उंच, तळाला चार बोटे कुटार. ते गव्हाचे किंवा सोयाबीनचे, पण कोरडे असावे. तोंडावर पोत्याचा फाटका तुकडा सोडावा म्हणजे आत अंधार राहतो. अंधारात कोंबडी निवांत बसते, अंडे घालते आणि निघून जाते. घातलेले अंडे तिला नीट दिसत नाही, मग टोचणार काय? उघड्यावर, उन्हाच्या कवडशात चमकणारे पांढरे अंडे म्हणजे चोचीला आमंत्रणच.

पेटी कितीही चांगली केली तरी अंडे तिथे जितका वेळ पडून राहील तितका धोका. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या पहिल्या चार-पाच तासांत घालतात, आणि नेमके तेव्हाच घर रिकामे असते. निंदणाला, कापूस वेचायला गेलेली बाई दिवस मावळताना परतते. सकाळी आठचे अंडे संध्याकाळी सहापर्यंत टोपल्यात, त्यावर दुसरी कोंबडी येऊन बसते, तिसरी लाथ मारते. हे काम म्हाताऱ्या आजीवर आणि शाळेत जाणाऱ्या पोरांवर सोपवावे. पोरांनी शाळेला निघण्यापूर्वी एकदा, आजीने दुपारच्या जेवणाआधी एकदा अंडी काढावी. चौथी-पाचवीच्या मुलांना गुरुजींनी एक वही घालून द्यावी. त्यात तारीख, कोणत्या कोंबडीचे अंडे, कवच जाड की पातळ, तडकले होते का, एवढेच लिहायचे. महिन्याभराने वही उघडली की दोष दाण्यात, पाण्यात की एखाद्या कोंबडीत, ते कागदावर दिसते. बेरीज-सरासरीची उदाहरणे पुस्तकातल्यापेक्षा बरी मिळतात, हा वरचा फायदा.

एवढी व्यवस्था केली आणि तरी एक कोंबडी खातच राहिली, तर तिचे काय? आता शेजाऱ्यांचे सल्ले घेऊ.

तिखटाचा सल्ला सर्वांत लोकप्रिय. अंड्याला भोक पाडून आतले काढायचे, लाल मिरचीची पूड भरायची, भोक कणकेने बुजवायचे. वऱ्हाडी माणसाला वाटते, आपल्या मिरचीपुढे कोण टिकणार? पण कोंबडी टिकते. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्याने लागतो त्याची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. रानातले पक्षी मिरच्या खाऊन त्यांचे बी दूरवर पसरवतात ते यामुळेच. आपल्याला तिखटाची आग जाणवून देणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीच योर्ट या सहकाऱ्याबरोबर २००२ साली दाखवले होते की कोंबडीचा हा ग्राहक मिरचीला दाद देत नाही. तेव्हा तिखट भरलेले अंडे कोंबडी चवीने खाईल आणि आपली मिरची वाया जाईल. बलकाचा रंग लाल पाहून एखादी बिचकली तर तो योगायोग.

चोच डागण्याचे तर नावच काढू नये. ते वेदनेचे आहे, बोथट चोचीने दाणा धड टिपता येत नाही, कोंबडी खंगते. आणि पातळ कवचाचे अंडे बोथट चोचीनेही फुटतेच.

खोट्या अंड्याचा उपाय मात्र करून पाहावा. कुंभाराकडून मातीची चार अंडी भाजून घ्यावी, वर चुन्याचा हात द्यावा, किंवा सुताराकडून लाकडाची कातून घ्यावी. ती टोपल्यात ठेवावी. कोंबडी टोचते, टोचते, काहीच निघत नाही, चोच मात्र दुखते. आठवडा-पंधरवड्यात पुष्कळ कोंबड्या नाद सोडतात. या काळात खरे अंडे तिच्यापुढे क्षणभरही राहू देऊ नये, नाही तर केलेले सारे पाण्यात. खाणारी कोंबडी त्या दिवसांत वेगळ्या टोपल्याखाली ठेवली तर इतर तिचे पाहून शिकत नाहीत.

त्याहून पक्का उपाय म्हणजे उतरती पेटी. मोर्शी-वरूडकडची संत्र्याची जुनी लाकडी पेटी मिळवा. तिच्या तळाशी फळी अशी बसवा की मागच्या बाजूला फुटाला एक-दीड इंच उतार राहील. फळीवर पोत्याचा तुकडा ताणून ठोका. मागच्या फळीखाली अंडे जाईल एवढी फट ठेवा आणि फटीपलीकडे कुटार घातलेली, वरून झाकलेली खोकी लावा. कोंबडीने अंडे घातले की ते हलकेच घरंगळत पलीकडे जाते. ती वळून पाहते तो काहीच नाही. उतार यापेक्षा जास्त करू नये, अंडे वेगाने आदळून तडकते. या पेटीत कुटार टाकायचे नाही, त्यात अंडे अडकते, आणि काही कोंबड्या कुटार नाही म्हणून पहिले काही दिवस पेटीत बसत नाहीत. त्यांना सवय होईपर्यंत एखादे मातीचे अंडे खिळ्याने किंवा डिंकाने पेटीत पक्के बसवून ठेवा, ते पाहून बसतात.

दाणा, पाणी, टोपले सारे नीट करून महिना उलटला, मातीच्या अंड्यानेही काही झाले नाही, आणि चोच रोज पिवळीच दिसते, अशी एखादी कोंबडी राहतेच. तिच्याबद्दल मी भीड धरणार नाही. ती भाजीला घ्यावी, किंवा वजनावर विकावी. मात्र अंडी देणारी म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये.

आणखी एक. एक-दोन नव्हे, सगळ्याच कोंबड्या एकाएकी लिबलिबीत किंवा वेडीवाकडी अंडी देऊ लागल्या, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या होऊ लागल्या, तर ते चुन्याचे काम नव्हे, ती मानमोडी. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. त्याला औषध नाही, पण लस आहे. पिलू आठवड्याचे होण्याच्या आत पहिली, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, आणि आठ आठवड्यांची झाली की दुसरी, टोचून. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी पिले गोळा केली तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणलेली कुपी वाया जात नाही. ती एकदा फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते आणि आणताना बर्फात ठेवावी लागते. थर्मास नसेल तर दवाखान्यात जाताना डब्यात बर्फ नेावा, आणि परतताना सावलीच्या वेळी परतावे.